विषाणू सापडला नाही, पण टॅटचं काय?

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात आवडता रिपोर्ट कोणता? टीएनडी. टार्गेट नॉट डिटेक्टेड. म्हणजे रक्तात एचआयव्हीचा विषाणू यंत्राला सापडण्याइतकाही नाही. हा रिपोर्ट आला की समुपदेशक ताईंचा चेहरा उजळतो, मी "छान चाललंय, गोळ्या चुकवू नका" म्हणते, तीन महिन्यांची औषधं लिहिते आणि पुढच्या माणसाला बोलावते. बाहेर दीड-दोनशे लोक ताटकळत उभे असतात. त्यातल्या कुणाचा वजनकाटा खाली आलेला असतो, कुणाला टीबी निघालेला असतो, कुणी सहा महिन्यांनी उगवलेला असतो. ज्याचा टीएनडी आहे त्याच्याकडे निवांत बघायला वेळ काढायचा, तर तो कुणाच्या तरी वाट्यातून काढावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात एका टीएनडीवाल्या माणसाने मला ह्या तीन अक्षरांविषयी विचार करायला लावलं. तो विचार टॅट नावाच्या एचआयव्हीच्या एका प्रोटीनपाशी घेऊन गेला, आणि अजून संपलेला नाही. ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील मी बदललेत. त्यांना इथे अण्णा म्हणते, कारण केंद्रातही आम्ही त्यांना अण्णाच म्हणतो.

अण्णा यंत्रमागावर जॉबर. मागाच्या पट्ट्यातल्या लोकांना सांगायला नको, पण इतरांसाठी: माग विणकर चालवतो आणि तो बिघडला की जॉबर येतो. आडवं सूत नेणारा धोटा उडतोय, कापडात पट्टा पडतोय, ठोका बरोबर बसत नाही, हे तो दुरून नुसत्या आवाजावरून ओळखतो. अण्णांच्या हाताखाली मागांची अख्खी शेड होती. २०१२ मध्ये ते आमच्याकडे आले तेव्हा सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी, होती फक्त ६२, छातीत टीबी, वजन अडतीस किलो. टीबीची औषधं झाली, एआरटी सुरू झाली, माणूस उभा राहिला. आधी टेनोफोविर-लॅमिव्ह्युडीन-एफाविरेन्झ, २०२१ पासून एफाविरेन्झच्या जागी डोल्युटेग्राविर. गोळ्यांची मोजणी कायम बरोबर. दरवर्षीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी, टीएनडी. कार्यक्रमाच्या भाषेत ‘स्टेबल’ रुग्ण.

त्या दिवशी अण्णांच्या आधी त्यांची पत्नी आत आली. त्यांना बाहेर बाकावर बसवून आली होती. तिने पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, ह्या म्हैन्यात सात गोळ्या जादा उरल्यात. आन् दोन दिवस त्येंनी दोन-दोन खाल्ल्यात. इचारलं तर म्हणत्यात, घेतली का न्हाई तेच ध्येनात ऱ्हाईना."

बारा वर्षं ज्याची मोजणी चुकली नाही, त्याच्या बाटलीत सात गोळ्या. मी विचारलं, आणखी काय?

"शेठनी सांगितलंय, आता मागाला हात लावू नगा. नट काढत्यात आन् हातात धरून हुबं ऱ्हात्यात. म्होरं काय करायचं त्ये सुचंना झालंय. लोक म्हणत्यात प्यायला लागला. मॅडम, देवाशपथ सांगते, ह्ये पीत न्हाईत."

मग तिने जे सांगितलं ते कुठल्याही तपासणी-यादीत नाही. घरी पूर्वी बोलता बोलता ते मध्येच तिचं वाक्य तोडायचे. आता तोडत नाहीत. तिचं बोलून होतं, मग थोडा वेळ जातो, मग उत्तर येतं. "आधी मला राग यायचा मधीच बोलत्यात म्हनून," ती म्हणाली, "आता वाटतंय बोलावं."

अण्णा आत आले, नमस्कार केला, बसले. कपडे स्वच्छ, दाढी केलेली. तारीख विचारली तर बरोबर सांगितली. "काय त्रास?" "काही नाही मॅडम." गर्दीच्या दिवशी हा माणूस माझ्यासमोरून दोन मिनिटांत पार झाला असता. मी ताईंना सांगितलं, बाहेरच्यांना सांगा थोडं थांबायला.

एचआयव्हीमुळे मेंदूवर झालेला परिणाम चाचपण्यासाठी एक छोटी चाचणी आहे, आंतरराष्ट्रीय एचआयव्ही डिमेन्शिया स्केल. कागद-पेन्सिल लागत नाही, शिक्षण लागत नाही, पाच मिनिटं लागतात. एकूण गुण १२, आणि १० किंवा कमी आले तर पुढे तपासायचं. इतकी सोपी चाचणी केंद्रांत जवळजवळ कुणी करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आधी चार शब्द सांगायचे आणि म्हणून घ्यायचे: कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. मग डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी शक्य तितकी फाकवून, शक्य तितक्या वेगाने पाच सेकंद एकमेकांवर आपटायची. पंधरा वेळा जमलं तर पूर्ण चार गुण. अण्णांचं नऊ वेळा झालं. दोन गुण.

मग हाताची तिहेरी हालचाल. टेबलावर मूठ, मग पंजा पालथा, मग हात उभा करून करंगळीकडची कड. मूठ, पंजा, कड. डाव्याच हाताने, दहा सेकंदांत जितके फेरे होतील तितके. मी करून दाखवलं, त्यांनी माझ्याबरोबर हळूहळू केलं, बरोबर केलं. मग मी घड्याळ लावलं. पहिला फेरा नीट झाला. दुसऱ्यात मूठ झाली, पंजा झाला, आणि मग पुन्हा पंजाच. त्यांना चूक कळली. हात उचलला गेला आणि टेबलाच्या वर तसाच थांबला. बोटं किंचित हलत होती, जणू पुढची हालचाल तिथेच कुठेतरी आहे आणि चाचपली तर सापडेल. ते माझ्याकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते. तुटलेल्या सुताला डोळा लागायच्या आत गाठ मारणारा हात होता तो. दहा सेकंद संपले. एक गुण.

शब्द विचारले. कुत्रा, लाल. "भाजी आहे एक," म्हटल्यावर घेवडा, अर्धा गुण. टोपी नाहीच. एकूण साडेपाच.

आता ह्या साडेपाचाचा अर्थ ‘एचआयव्हीने मेंदू बिघडला’ असा लगेच लावायचा नसतो. आधी बाकी सगळं बाजूला सारावं लागतं, आणि एचआयव्हीमध्ये ‘बाकी सगळं’ म्हणजे मोठा पसारा असतो. टीबीचा मेनिन्जायटिस, क्रिप्टोकॉकस, टॉक्सोप्लाझ्मा, सिफिलिस, थायरॉइड, बी-१२, नैराश्य, दारू. शिवाय एक खास शक्यता, जी अनेकांना माहीतच नसते: रक्तात विषाणू दबलेला पण मेंदूभोवतीच्या पाण्यात, म्हणजे सीएसएफमध्ये, मोकळा सुटलेला. ह्याला सीएसएफ एस्केप म्हणतात. औषध मेंदूत नीट पोचत नसेल किंवा तिथे वेगळा प्रतिरोध तयार झाला असेल तर असं होतं, आणि ते ओळखलं तर औषधं बदलून माणूस सुधारतो. म्हणून तेच पाणी पाठीतून काढून तपासणं भाग होतं.

त्यासाठी मेडिकल कॉलेजला पाठवायचं. मी आधी तिथल्या फिजिशियनना फोन केला. चांगले डॉक्टर आहेत, हात चांगला, निदान चांगलं. ते म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे सी सबटाइप आहे. त्याचं टॅट डिफेक्टिव्ह असतं. सी-वाल्यांना डिमेन्शिया होत नाही. डिप्रेशन असेल, नाहीतर घेत असेल चोरून."

हे वाक्य ऐकून मला राग आला, आणि तो राग अजून आहे. का, हे सांगायचं तर टॅटविषयी सांगावं लागेल. एमडीनंतर काही काळ मी एका प्रयोगशाळेत ह्याच प्रोटीनवर काम केलंय, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते.

टॅट हे एचआयव्हीचं नियामक प्रोटीन. जेमतेम शंभर अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रोटीनच्या जगात अगदीच चिमुकलं. विषाणू पेशीत शिरतो, आपल्या आरएनएचा डीएनए बनवतो आणि तो आपल्या पेशीच्या डीएनएत कायमचा शिवून टाकतो. आता त्या डीएनएवरून विषाणूच्या प्रती निघायला हव्यात. पेशीचं यंत्र काम सुरू तर करतं, पण थोडं लिहून अडखळतं आणि सोडून देतं. टॅट नेमकं तिथे येतं. नुकत्याच लिहिल्या गेलेल्या आरएनएच्या टोकाला टार नावाची एक वळी असते, टॅट तिला धरतं आणि पेशीचीच दोन प्रोटीनं, सायक्लिन टी१ आणि सीडीके९, ओढून तिथे आणतं. मग यंत्र न अडखळता शेवटपर्यंत लिहीत जातं. १९८५ मध्ये ह्या प्रोटीनचं काम उघड झालं, सायक्लिन टी१ सापडायला १९९८ उजाडलं. उंदरात टॅट नीट चालत नाही, कारण उंदराच्या सायक्लिन टी१ मध्ये एकच अमिनो आम्ल वेगळं आहे. एका अमिनो आम्लाने एवढा फरक पडतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पण टॅटचा खरा उपद्रव वेगळाच आहे. ते ज्या पेशीत तयार होतं तिथे थांबत नाही. पेशी जिवंत असतानाच बाहेर झिरपतं आणि शेजारच्या पेशीत आपणहून शिरतं, मग त्या पेशीला विषाणूची लागण असो वा नसो. १९८८ मध्ये दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी हे दाखवलं. तेव्हा प्रोटीन असं पेशीच्या भिंतीतून आत जातं ह्यावर विश्वास बसणं कठीण होतं. आज टॅटचा तो छोटा तुकडा इतर औषधं पेशीत पोचवण्यासाठी जगभर वापरतात. मेंदूत ह्याचा परिणाम असा: चेतापेशींना सहसा एचआयव्हीची लागण होत नाही, होते ती मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज ह्या राखणदार पेशींना. त्यांच्यातून सुटलेलं टॅट चेतापेशींवरच्या एनएमडीए ग्राहींना, म्हणजे संदेश पकडणाऱ्या जागांना, चेतवतं, पेशीत कॅल्शियम भरमसाट शिरतं, चेतातंतूंच्या फांद्या आखडतात. राखणदार पेशी दाह माजवणारी रसायनं सोडतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सैल होतो, नव्या मोनोसाइट पेशी आत ओढल्या जातात, आणि त्यांच्यातल्या काही विषाणू घेऊनच येतात.

प्रयोगशाळेत टॅट हाताळणं म्हणजे संयमाची परीक्षा. ते प्लॅस्टिकच्या नळीला चिकटून बसतं. नळीत जितकं टाकलं तितकं तुमच्या पेशींपर्यंत पोचेलच याची खात्री नाही. त्यातल्या सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लांना हवा लागली की ते आपसांत जुळतात आणि प्रोटीन निकामी होतं, म्हणून बर्फावर, त्यांना जुळू न देणारं डायथायोथ्रिटॉल घालून, छोट्या छोट्या हिश्शांत उणे ऐंशीला ठेवायचं आणि एकदा वितळवलं की पुन्हा गोठवायचं नाही. त्यात ते बनतं ई. कोलाय जिवाणूत, म्हणजे जिवाणूचं एन्डोटॉक्सिन सोबत येणारच. एन्डोटॉक्सिनचा अंश राहिला तरी मोनोसाइट पिसाळतात आणि तुम्ही खूश होता की बघा टॅटने दाह केला! म्हणून प्रत्येक प्रयोगात तापवून मारलेलं टॅट शेजारी ठेवायचं. ते मेलं तर परिणाम थांबायला हवा. एन्डोटॉक्सिन मात्र तेवढ्या तापाने मरत नाही, म्हणून परिणाम तरीही दिसला तर तुम्ही जिवाणूचा कचरा मोजत होता. टॅटवरचा कुठलाही शोधनिबंध वाचताना मी आधी ही ओळ शोधते. ती नसेल तर पुढे वाचत नाही.

आता सी सबटाइप. भारतात बहुतेक सगळा एचआयव्ही-१ ह्याच उपप्रकाराचा आहे. युरोप-अमेरिकेत मुख्यतः बी. बीच्या टॅटमध्ये ३० आणि ३१ ह्या जागांवर दोन सिस्टीन शेजारी शेजारी असतात. भारतातल्या बहुतांश सी-विषाणूंत ३१व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन असतं. एका गंधकाच्या अणूच्या जागी ऑक्सिजन, एवढाच बदल. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की त्यामुळे ह्या टॅटची मोनोसाइटना ओढून आणायची ताकद कमी होते. २००८ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने त्यांच्याच सहकार्याने दाखवलं की मानवी चेतापेशींना सीचं टॅट बीपेक्षा कमी मारतं. ही आपल्याकडची अतिशय नेटकी, अभिमान वाटावा अशी कामं आहेत. भारतात एचआयव्हीचा डिमेन्शिया पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी का दिसतो, ह्या प्रश्नाला त्यांनी एक ठोस धागा दिला.

पण ‘कमी मारतं’ म्हणजे ‘मारत नाही’ नव्हे. त्या शोधनिबंधांनीही तसं म्हटलेलं नाही. टॅटच्या बाकीच्या करामती, टारला धरणं, पेशीत शिरणं, सीमध्येही शाबूत आहेत. शिवाय दक्षिण आफ्रिकेत सीच आहे, पण तिथल्या विषाणूंत ३१व्या जागी सिस्टीन आपल्यापेक्षा जास्त वेळा सापडतं. तिथल्या रुग्णांची, सिस्टीनवाले आणि सेरीनवाले अशी वेगवेगळी करून, बुद्धीच्या चाचण्यांवर तुलना केली गेली, आणि २०१४ मध्ये आलेला निकाल असा की दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही. पेशींच्या ताटलीत जे ठळक दिसतं ते माणसात तसंच दिसेल असं नाही. ताटलीत आपण टॅट ओततो तेही बरंचसं जास्त असतं. हे सगळं एका वाक्यात दाबून "सी-वाल्यांना होत नाही" म्हणायचं, आणि त्या वाक्याच्या आधारावर समोरच्या माणसाला दारुड्या ठरवायचं! अर्धवट वाचलेला शोधनिबंध न वाचलेल्यापेक्षा जास्त नुकसान करतो, असं माझं मत झालंय.

फोनवर मी एवढं सगळं बोलले नाही. एवढंच म्हटलं, "सर, तो पीत नाही. एमआरआय आणि सीएसएफ करून द्या, मग डिप्रेशन म्हणा." त्यांनी दाखल करून घेतलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, ही भीती आमच्या भागात पक्की आहे. अण्णांच्या भावाने तेवढ्यासाठी वॉर्डात येऊन गोंधळ घातला. तो गोंधळ समाजसेवा अधीक्षकांनी निस्तरला, आणि भावाला आजार माहीत नसल्यामुळे तोंडातून एक शब्द इकडचा तिकडे जाऊ न देता निस्तरला. एचआयव्ही कायदा आता लागू आहे, संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करायला त्यात मनाई आहे, पण कायदा भिंतीवरच्या फलकावर असतो आणि वॉर्डात असा एखादा माणूस असतो, म्हणून तो पाळला जातो.

खरी अडचण पुढे आली. पाण्यातला व्हायरल लोड करायचा कुठे? कार्यक्रमात नेमाने होतो तो रक्ताच्या प्लाझ्माचा. तिथल्या यंत्रावर सीएसएफ घेत नाहीत. का घेत नाहीत, तर फॉर्ममध्ये तो पर्याय नाही. एका खाजगी प्रयोगशाळेने घ्यायचं कबूल केलं, मग नमुना पोचल्यावर फोन आला की आम्ही हे करत नाही. तोवर बर्फ वितळत होता. शेवटी दुसऱ्या शहरात कोरड्या बर्फात पाठवला, पैसे अधीक्षकांनी एका धर्मादाय निधीतून उभे केले. एवढी यातायात एका जिल्ह्यातल्या एका जॉबरसाठी कितीजण करतील? म्हणूनच आपल्याकडे हे निदान कमी होतं. मग ते कमी होतं म्हणून आपण म्हणतो, आपल्याकडे हा आजार कमी आहे.

रिपोर्ट एकेक येत गेले. एमआरआयमध्ये वयाच्या मानाने मेंदू थोडा आकसलेला, पांढऱ्या भागात दोन्ही बाजूंना सारखीच, पसरट धूसरता. गाठ नाही, सूज नाही. पाण्यात पेशी चार, प्रोटीन थोडं वाढलेलं, साखर बरोबर. टीबी नाही, क्रिप्टोकॉकस नाही, सिफिलिस नाही. बी-१२ आणि थायरॉइड ठीक. मानसोपचारतज्ज्ञांनी दोनदा पाहून नैराश्य नाही असं लिहिलं. आणि पाण्यातला व्हायरल लोड: टीएनडी.

मी एस्केप सापडण्याची वाट बघत होते, हे कबूल करायला हवं. एस्केप असता तर उपाय होता. इथे रक्तही स्वच्छ, पाणीही स्वच्छ, आणि माणसाचा हात तिसऱ्या हालचालीवर अडतोय.

फिजिशियननी ह्या वेळी स्वतः फोन केला. म्हणाले, "हॅन्डच दिसतंय. पण विषाणू नाही तर नुकसान कोण करतंय?" हॅन्ड म्हणजे एचआयव्हीमुळे आलेला विचारशक्तीचा बिघाड. प्रश्न योग्य होता, आणि त्याची दोन उत्तरं संभवतात. एक, जुनं नुकसान. सीडी४ ६२ पर्यंत उतरला तेव्हाच मेंदूचं व्हायचं ते झालं आणि वय वाढल्यावर आता उघडं पडलं. सीडी४ एकदा इतका खाली गेलेल्यांना हा धोका जास्त असतो, हे माहीत आहे. पण मग बारा वर्षं मागांची शेड कशी सांभाळली? दुसरं उत्तर मला झोपू देत नाही. अण्णांच्या आताच्या गोळीतली, म्हणजे टीएलडीतली, तीन औषधं काय करतात बघा. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडीन आरएनएचा डीएनए होऊ देत नाहीत. डोल्युटेग्राविर तो डीएनए पेशीच्या डीएनएत शिवू देत नाही. म्हणजे तिघंही जे अडवतात ते शिवण पडायच्या आधीचं. जिथे शिवण आधीच पडलेली आहे, त्या पेशीत टॅट बनणं ह्यातलं कुठलंच औषध थांबवत नाही. दुसऱ्या गटातली प्रोटिएज रोधकं तर विषाणूची अगदी शेवटची जुळणी बिघडवतात, टॅट त्याच्या कितीतरी आधी बनून जातं. बाजारात असं एकही औषध नाही जे टॅटला हात लावतं. आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की एआरटीने विषाणू दाबलेल्या काही रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात टॅट सापडतं.

आमचं यंत्र विषाणूचा आरएनए मोजतं. टॅट मोजत नाही.

अण्णा आणि त्यांची पत्नी रिपोर्ट ऐकायला आले तेव्हा हे त्यांना कसं सांगावं याचा मी विचार करून ठेवला होता. म्हटलं, "अण्णा, समजा शेडमधून कापड बाहेर पडायचं बंद झालं. मालक म्हणेल माग बंद आहेत. पण आत एखाददुसरा माग रिकामाच चालू राहिला, तर कापड नाही निघालं तरी कापसाची धूळ उडतच राहणार ना? आणि ती शेजारच्याच्याही छातीत जाणार. तुमच्या डोक्यात तसं काहीतरी चालू असावं, असा माझा अंदाज आहे. अंदाज म्हणतेय."

थोडा वेळ गेला. मग उत्तर आलं. "मॅडम, मग गोळी धोट्यावर मारताय. मेन स्विचला कुणीच हात लावत नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. साडेपाच गुणांचा माणूस, आणि एआरटीमधली आजवरची उणीव त्याने दोन वाक्यांत सांगितली होती. वेग गेला होता, समज गेली नव्हती. हा फरक आम्ही डॉक्टर लोक फार वेळा विसरतो. उत्तर उशिरा आलं की उत्तर नाही असं धरून पुढच्या प्रश्नाला जातो.

"हात लावायचा प्रयत्न चालू आहे," मी म्हटलं. ते खरंच आहे. समुद्री स्पंजातून मिळालेल्या एका रसायनापासून बनवलेलं डायडिहायड्रो-कॉर्टिस्टॅटिन ए नावाचं द्रव्य टॅटला अडवतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण माझ्या औषधाच्या खिडकीतून द्यायला ते नाही.

मग जे हातात होतं ते केलं. आठवड्याच्या कप्प्यांची डबी, ज्यात रिकामा कप्पा म्हणजे गोळी घेतली. रक्तदाब आणि साखर काटेकोर, कारण मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना आणखी मार नको. सकाळचं चालणं. समुपदेशक ताईंनी पत्नीला शिकवलं की एका वेळी एकच काम सांगायचं आणि उत्तरासाठी थांबायचं. शेठला काय सांगायचं हा मोठा पेच होता. आजाराचं नाव सांगायची गरज नाही आणि सांगायचंही नाही. ‘मेंदूच्या पांढऱ्या भागाचा विकार, यंत्रावर काम टाळावे, देखरेखीचे काम चालेल’ असं प्रमाणपत्र न्यूरॉलॉजिस्टकडून घेतलं. शेठ भला निघाला. अण्णा आता कापडाची तपासणी करतात. पट्टा, सुटलेलं सूत, डाग, सगळं अजूनही पकडतात. वेळ लागतो, पण सुटत काही नाही, असं शेठचं म्हणणं.

सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घेतली. हाताचे दोन फेरे झाले, शब्द तीन आठवले, बोटांचा वेग तेवढाच. सात गुण. चाचणी दुसऱ्यांदा देताना माणूस सरावाने थोडा वर येतो, त्यामुळे ह्याला सुधारणा म्हणायचं धाडस मी करत नाही. घसरण झाली नाही, एवढं म्हणते.

ज्यांचा सीडी४ कधीकाळी दोनशेच्या खाली गेला होता, अशांच्या वार्षिक व्हायरल लोडच्या दिवशी आम्ही आता ही पाच मिनिटांची चाचणी घेतो. रुग्णाच्या नोंदीच्या पांढऱ्या कार्डावर त्याला रकाना नाही. शेऱ्यात लिहितो. गुण कमी आलेले लोक निघतायत, सगळ्यांचा टीएनडी आहे. त्यातल्या काहींना बी-१२ कमी होतं, एकीला उघड नैराश्य होतं आणि ती उपचाराने खुलली. सगळ्यांचं खापर टॅटवर फोडता येत नाही, आणि फोडायचंही नाही.

अण्णांच्या विषाणूत ३१व्या जागी सिस्टीन आहे की सेरीन, हे मला बघायचंय. रक्तात विषाणूच नसल्यामुळे नेहमीच्या पद्धतीने ते कळत नाही. पेशींच्या डीएनएत शिवलेला विषाणू शोधून वाचावा लागतो. जुन्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने ते करायची तयारी दाखवली आहे. एका माणसातून काही सिद्ध होणार नाही हे तिनेही सांगितलं आणि मलाही माहीत आहे. नीतिसमितीकडे अर्ज गेलाय. अण्णांनी संमतीपत्रावर सही करण्याआधी पत्नीला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली आणि दोन ठिकाणी थांबवून मला विचारलं: रक्त किती काढणार, आणि निकाल आला तर तो आधी मला सांगणार का? दुसरं उत्तर त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलंय.